ताणून बघितलेली शिलाई

कॅम्प पाच नावाच्या वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात शीलाची शिलाई उसवली असं म्हणायची कुणाची बिशाद नव्हती. तिथली रीतच होती. पँट शिवून झाली, की दोन पायांमधला जोड दोन्ही हातांनी खच्चून ताणायचा. उसवायचा तर आपल्या हातात उसवू दे, गिऱ्हाइकाच्या अंगावर नको.

अंगावरून फार जायला लागलं म्हणून शीलाची गर्भाची पिशवी काढायची ठरली, तीही दुर्बिणीतून. अंबरनाथ पूर्वेच्या दवाखान्यातल्या श्रद्धा मॅडमनी नीट समजावलं. पिशवी काढल्यावर आत जे तोंड उघडं राहतं, ते शिवायच्या दोन तऱ्हा. एकीत दोऱ्याला गाठी मारतात. दुसरीत दोऱ्यालाच बारीक काटे असतात, ते रुतून बसतात, गाठ लागतच नाही. चांगली कुठली, याचा मॅडम अभ्यास करत होत्या आणि कुणाला कुठली हे चिठ्ठीवर ठरायचं. पुढच्या बायकांच्या कामी येईल म्हणून शीला तयार झाली. नेमकी चिठ्ठी निघाली बिनगाठीची!

दोन महिने जड उचलायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. नवरा प्रमोद कामाला जाताना पाणीसुद्धा भरून ठेवायचा. पण गाठीशिवाय शिलाई टिकेलच कशी? शीलाच्या मनात पाल चुकचुकत राहिली. महिना होतो न होतो, तोच शेजारच्या इंदुबाईच्या दारात धागे कापायला आलेलं जीन्सचं बंडल दिसलं आणि या बाईनं ते उचललं. कशाला, तर शिलाई तपासायला! आता काय म्हणावं? स्वतःचं पोट म्हणजे काय पँट आहे?

दुपारी रक्त दिसलं. शीला पांढरीफटक पडली.

रिक्षात इंदुबाई समजावत होती, अळीमिळी गुपचिळी, आपोआप झालं म्हणून सांग, उगाच बोलणी कशाला खायची. शीलाला ते पटेना. घट्ट मापाची पँट घालून फाडणारं गिऱ्हाईक आणि बोलणी खाणारी शिवणारी, हे तिनं कारखान्यात कितीदा बघितलं होतं. आज दोऱ्यावर आळ घेतला, तर उद्या एखाद्या बाईला चांगला दोरा मिळायचा नाही. भीती वाटत होती, लाज त्याहून जास्त. पण ठरलं ते ठरलं.

मॅडमनी विचारायच्या आधीच ती बोलली, "मी बंडल उचललं, मॅडम. मुद्दाम. दोष दोऱ्याचा नाही, ताणणारीचा. तसंच लिहा."

मॅडम तपासायला लागल्या. शीला छताकडे बघत पडून राहिली. कडेला जरा दुखावून रक्त आलं होतं, बाकी सगळं जागच्या जागी होतं. मॅडमनी रक्त गेल्याचं लिहिलं, कारणही लिहिलं, आणि मग शीलाला चांगलंच झापलं. शीलानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. उठताना मात्र तिला राहवेना.

"पण बिनगाठीची टिकली ना?"

"टिकली," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यापुढेसुद्धा टिकली."