चिखलाचे आठ सेकंद

टांगेवाल्यांइतकी अडेलतट्टू जमात मी पाहिलेली नाही, आणि माझे वडील त्यांचे मेरुमणी होते. हे मी कौतुकाने म्हणत नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट, पण तांबडीची आठवण निघाली की अजून माझं डोकं फिरतं.

तांबडी आमची घोडी. सोलापूर स्टेशनवर वडिलांच्या टांग्याला असायची. रविवारी सकाळी स्टँडवरचे सातआठ टांगेवाले कुंभारीच्या रस्त्याला जमत आणि आपापली जनावरं पळवत. रस्ता अरुंद, म्हणून एकेकानेच पळायचं. चार फर्लांग, दगडापासून दगडापर्यंत. तिकडे फेटा हलला की इकडे मी घड्याळ दाबायचं. मी म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवत होते, शाळेचं शर्यतीचं घड्याळ माझ्या ताब्यात असायचं, म्हणून हे मानाचं काम माझ्याकडे. आकडा मोठ्याने ओरडायचा, बस्स. त्यापुढे बाईमाणसाने तोंड उघडायचं नाही.

पण मी ते आकडे वहीत उतरवत होते. पाऊस झाला की शेतांतून येणाऱ्या बैलगाड्या सगळी काळी माती रस्त्यावर आणून टाकायच्या. अशा एका रविवारी मी प्रत्येक घोड्याचा कोरड्या दिवसाचा आकडा शेजारी मांडून पाहिला. जवळजवळ सगळे आठ सेकंदांनी मागे पडले होते. घोडे बिघडले नव्हते, रस्ता बिघडला होता! ते आठ वजा न करता दोन रविवारांची तुलना करणं म्हणजे शुद्ध गाढवपणा.

आणि तो गाढवपणा आमच्याच घरात झाला. त्या चिखलात तांबडीला एक्क्याऐंशी सेकंद लागले. आदल्या कोरड्या रविवारी वळसंगच्या एका टांगेवाल्याचा पांढरा घोडा पंचाहत्तरमध्ये आला होता. चिखलात तो पळालाच नव्हता. त्याचा मालक अदलाबदलीला तयार झाला, घोडीला घोडा. स्टँडवरच्या शहाण्यांनी वडिलांचे कान भरले.

घरी मी वही उघडली. "आप्पा, आठ वजा करा. आपली तांबडी त्र्याहत्तरची आहे."

"पळाली एक्क्याऐंशीत आनि म्हन्तीस त्र्याहत्तर? घड्याळ खोटं बोलत न्हाय, ह्ये तूच सांगितलंस की. म्हातारी झाली घोडी."

मी वही आपटली, दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तांबडी गेली ती गेलीच.

पुढच्या कोरड्या रविवारी ती नव्या मालकाकडून चौऱ्याहत्तरमध्ये आली. आमच्या पांढऱ्याला सत्त्याहत्तर लागले. वडील खाली मान घालून घोड्याचा पट्टा आवळत बसले. नवा मालक मात्र माजला. दर रविवारी त्याला आदल्यापेक्षा कमी वेळ हवा असे. एखादा सेकंद जास्त लागला की तिथेच, सगळ्यांसमोर, चाबूक. तांबडीच्या पाठीवर वळ उठायचे आणि हे बहाद्दर बिड्या ओढत बघत राहायचे. माझे वडीलसुद्धा.

मग पुन्हा पाऊस झाला, पुन्हा तोच चिखल. तिच्या आधी पळालेले सगळे आठ-आठ सेकंद मागे. तांबडी आली ती पोटापर्यंत मातीने भरलेली, तोंडाला फेस. घड्याळात ऐंशी. मालक चाबूक घेऊन खाली उतरला आणि आकड्यासाठी माझ्याकडे बघत उभा राहिला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"बहात्तर!" मी ओरडले.

शिट्ट्या वाजल्या. मालकाने चाबूक बगलेत धरला आणि तिच्या मानेवर थाप मारली. मी घड्याळ झटकन शून्यावर आणलं. ही लबाडी होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. रस्त्याचं पाप घोडीच्या पाठीवर काढणाऱ्यांनी मला खरं-खोटं शिकवू नये.

पण वडील माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी काटा पाहिला होता.

परतताना टांग्यात आम्ही दोघंच. नाक्यावर ते मागे न बघता म्हणाले, "आट वजा केलेस न्हवं?"

"हो."

त्यांनी लगाम खेचून टांगा थांबवला.

"मग ती आपली हुती तवा चारचौघांत का न्हाय वरडलीस असं?"