हेडबाईंचा डबा

नव्वदच्या दशकात मी येलहंक्याच्या एका हायस्कुलात हिंदी शिकवत होते. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या टेबलावर सगळ्यांचे डबे मधोमध उघडायचे. माझी पोळी-भाजी कन्नड शिकवणाऱ्या बाई संपवायच्या आणि त्यांचा लिंबाचा भात मी. हेडबाई मात्र आपल्या खोलीत एकट्या जेवायच्या. त्या स्टाफरूममध्ये आल्या की आम्ही सगळे ताडकन उभे राहायचो, आणि त्या जाईपर्यंत कुणी बसायचं नाही. मला त्या कवायतीचा मनस्वी राग यायचा. पण बाकीचे उठले की मीही उठायचे. नोकरी टिकवायची होती.

त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी, ऐन मधल्या सुट्टीत, त्या पिशवी घेऊन दारात आल्या. आम्ही तोंडातला घास कसाबसा गिळत उठलो.

"बसा," त्या म्हणाल्या. तसं त्या नेहमीच म्हणायच्या आणि आम्ही कधीच बसत नसू. त्याही दिवशी नाही बसलो. त्या टेबलाकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. शेवटी गणिताच्या सरांनी अदबीनं विचारलं, "काही काम होतं का, मॅडम?"

"काही नाही, सहज आले होते," म्हणून त्या परत गेल्या. आम्ही बसलो आणि जेवलो.

शाळा सुटताना आमची आया फाटकाशी भेटली. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिच्या हातात हेडबाईंची पिशवी होती.

"मॅडमनी घरी न्यायला दिलं," ती म्हणाली. "एवढं कोण खाणार?"

मी पिशवीत डोकावले. चार कप्प्यांचा डबा होता, काठोकाठ भरलेला, आणि शेजारी वाढायचा डाव.