प्रदीपच्या जीपचा स्टिअरिंग बॉक्स

टाकव्याच्या रस्त्याला हनुमंतभाऊंचं गॅरेज आहे. तिथे काही वाया जात नाही. अपघातातल्या गाडीचा धड राहिलेला भाग भाऊ काढून घेतात, धुऊन, फडक्यात बांधून फळीवर ठेवतात. माझ्या जुन्या जीपचा पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स गळायला लागला, तेव्हा त्यांनी फळीवरून एक उतरवला.

"कुणाचा?"

"प्रदीपचा."

प्रदीपची जीप दोन वर्षांपूर्वी औंढ्याजवळ सरळ रस्त्यावरून डावीकडे खाली गेली, आणि तो गेला. पिऊन होता, असं सगळे म्हणतात. चौकातल्या चहाच्या टपरीवर हे पहिल्यांदा म्हणाले ते हनुमंतभाऊच. प्रदीपची आई शालनमावशी सांगत राहिली, की त्यानं पंचशील घेतलं होतं, थेंबाला शिवत नव्हता. आईच ती, म्हणून लोक ऐकून घेत.

बॉक्स बसवला आणि जीप डावीकडे ओढायला लागली. भाऊंनी हवा बघितली, टायर बदलून बघितले, सांधे आवळले.

"रस्त्यालाच उतार हाय."

"भाऊ, मैदानातही ओढते."

"तुमी डिप्लोमावालं, साहेब. तुमीच सांगा मग."

भाऊंची पद्धत इंजिन बंद ठेवून तपासायची. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, फेरे मोजायचे, बरोबर मध्यावर आणायचं. त्यात ते कधी चुकत नसत. मी पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलायला लावली आणि बाहेरूनच हात घालून इंजिन सुरू केलं.

सीटवर कुणी नव्हतं. स्टिअरिंग क्षणभर थांबलं, मग डावीकडे फिरू लागलं. सावकाश, कुणी बसून फिरवावं तसं, पार टोकापर्यंत. भाऊंनी ते मध्यावर आणून सोडलं. ते पुन्हा फिरलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात लावला नाही.

"आतला व्हॉल्व्ह मध्यावर नाही," मी म्हणालो. "तेलाचा दाब एकाच बाजूला जातोय. इंजिन बंद असताना हे कळत नाही. अपघातात बिघडला असेल."

"न्हाई." भाऊ रिकाम्या सीटकडे बघत होते. "त्याला ह्यो बॉक्स मीच बसवलता. आठ दिसांनी आला, म्हनला, भाऊ, डावीकडं वढती. मी म्हनलो, रस्त्याला उतार हाय, लेका. हात घट धर."

तो बॉक्स त्यांनी त्याच दुपारी उतरवला, पण फळीवर ठेवला नाही. हातात घेऊन शालनमावशीच्या अंगणात गेले. मीही मागे गेलो. मावशी तांदूळ निवडत होती.

"मावशी, प्रदीप प्यायला नव्हता. गाडीत खोट व्हती. माज्या हातची."

मावशीनं सुपातून मान वर केली नाही.

"मला ठावं हाय, हनुमंता. मला काय सांगतूस? जितं म्हनलास, तितं जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी टपरीवर उभं राहून सांगितलं. सगळ्यांचे चहा गार झाले.

आता गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक जीपची चाकं वर उचलली जातात, इंजिन सुरू होतं आणि भाऊ दूर उभे राहतात. स्टिअरिंग जागचं हलत नाही. तरी ते बराच वेळ इंजिन बंद करत नाहीत.