गालावरचे वळ

मुलांनो, तुम्ही दोघं इतकी लांब राहता की घरातल्या जुन्या गोष्टी तुमच्यापर्यंत थट्टेतूनच पोचतात. गेल्या रविवारी फोनवर धाकटा म्हणाला, "आई ताईला मास्क लावायचा कंटाळा करायची ना?" तुमची आई माझ्याशेजारी भाजी निवडत होती. ती नुसती हसली. म्हणून मी, तुमची आजी, हे आता लिहिते आहे.

ताई, तू सहा वर्षांची होतीस. झोपेत तुझा श्वास मध्येच थांबायचा, मग दचकून ओढायचीस. टॉन्सिल काढूनही ते गेलं नाही, तेव्हा पनवेलच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब जायचा आणि घशातली वाट उघडी राहायची. मास्क रात्रभर राहायला हवा, एवढंच पथ्य. तुझे बाबा बाहेरगावी आणि आई दवाखान्यात रात्रपाळीला, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी लगेच एक वही केली. रोज सकाळी तारीख लिहायची, पुढे बरोबरची खूण करायची.

मास्कच्या पट्ट्यांचे तांबडे वळ तुझ्या गालांवर उठायचे. एका रविवारी विहारात वंदना संपल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तुझी हनुवटी धरली. मूळची पोशीरची, शिळफाट्याला दिलेली.

"काय गं, आजीनं थोबडवलं? बाई, शाळेतली सवय सुटली नाय वाटतं तुमची!"

सगळ्या हसल्या. शाळेत माझ्या पट्टीची धास्ती होती, म्हणूनच ते मला लागलं.

त्या दिवसापासून तू झोपलीस की तासाभरानं मी मास्क काढू लागले. गाल स्वच्छ राहिले. वहीतल्या खुणा मात्र चालूच ठेवल्या. लावला तर होताच, अशी मनाची समजूत घालत होते.

तू वर्गात पेंगतेस अशी तक्रार आली. तपासणीला आपण तिघी गेलो. मशीनमध्ये रोजच्या वापराची नोंद होते, हे मला तिथे कळलं. डॉक्टर तुझ्या आईकडे वळून म्हणाले, "रोज जेमतेम तास-दीड तास. तुम्ही स्वतः नर्स ना?"

वही माझ्या पिशवीत होती. मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती म्हणाली, "चूक झाली, सर." डॉक्टरांनी मग पट्ट्या सैल करून दाखवल्या. दोन मिनिटांचं काम होतं. वळ पुन्हा उठले नाहीत.

परतताना ती एवढंच बोलली, "आई, आजपासून मी लावीन." तिनं रात्रपाळी सोडली, तिला मिळणार असलेली बढती दुसरीला गेली. तू दोन महिन्यांत वर्गात जागी राहू लागलीस. तिनं मला कधी काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

मशीन केव्हाच परत दिलं. वही माझ्या कपाटात आहे. तिच्यात सत्तावीस खोट्या खुणा आहेत, माझ्याच हाताच्या.