हेर ब्रांडेसचा ट्रायपॉड आणि माझा दसरा

हे मी कुणाला सांगणार नव्हतो. पण जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या आमच्या मराठी मंडळात या प्रकाराच्या भलभलत्या आवृत्त्या फिरताहेत, आणि एकीत तर मी हरणाला ओवाळलंय. तेव्हा खरा गाढवपणा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, फक्त माझ्याकडे बघू नका.

आमचे घरमालक हेर ब्रांडेस (हेर म्हणजे इकडे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे) खालच्याच मजल्यावर राहतात. निवृत्त माणूस, शिकारीचा परवाना असलेला. इकडे कुणी उठून रानात जाऊन गोळी घालत नाही बरं का. कुठलं जनावर, किती, सगळं आधी ठरलेलं असतं. कितीतरी वर्षं वाट बघितल्यावर यंदा त्यांच्या वाट्याला हार्त्सच्या डोंगरातला एक हिर्श आला होता. हिर्श म्हणजे डोक्यावर अख्खं झाड घेऊन फिरणारं नर हरीण. आणि आता नेमके गुडघे कुरकुरायला लागलेले, हातही जरा थरथरायचा. त्यामुळे त्यांना बंदूक टेकवायला ट्रायपॉड हवा होता. चढावर पाठीवर नेता येईल इतका हलका, पण डुगडुगणारा नको.

आणि मी कोण? वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कंपनीत कंपनांवर काम करणारा इंजिनिअर. त्यांनी जिन्यात सहज विचारलं होतं. मी सहज उत्तर देऊन मोकळा व्हायला हवं होतं की नाही? पण नाही, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

मी त्यांना तळघरात बसवून व्याख्यानच दिलं. मधली दांडी वर काढायची नाही, तिनंच सगळा थरथराट होतो. पायांचे जोड जितके कमी तितका ट्रायपॉड ताठ. खाली सॅक लटकवा, वजन आपोआप मिळतं. मित्रांकडून दोन-तीन ट्रायपॉड मागून आणले, त्यांवर लेझर बांधला आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका किती नाचतो ते बघत बसलो. कपड्यांची बादली घेऊन आलेल्या फ्राऊ ब्रांडेस, म्हणजे त्यांच्या बायको रेनाटे, दोन मोठी माणसं भिंतीकडे टक लावून बसलेली बघून आल्या पावली परत गेल्या. शेवटी कार्बनच्या पायांचा एक ठरला. थंडीत हात गारठू नयेत म्हणून पायांना जाड फोम असलेला घ्या, हेही मीच सुचवलं. तो फोम लक्षात ठेवा.

पार्सल आलं तेव्हा ब्रांडेस दांपत्य घरी नव्हतं. इथल्या रिवाजाप्रमाणे ते आमच्याकडे दिलं गेलं. तज्ज्ञ मीच, तेव्हा तपासायला म्हणून मी ते उघडलं. आणि तो दिवस होता दसऱ्याचा.

मृणालनं, माझ्या बायकोनं, विळी, लॅपटॉप, गाडीची किल्ली असं सगळं पूजेला मांडलं होतं. मी ट्रायपॉडही नेऊन ठेवला. ती म्हणाली, "अरे, दुसऱ्याची वस्तू आहे ती. राहू दे." मी म्हणालो, शस्त्र म्हणता येईल असं काही आपल्या घरात आयुष्यात पहिल्यांदा आलंय आणि त्याची पूजा नाही करायची? तिनं हात टेकले.

आता आमच्या घरात राहत्या प्रत्येक खोलीत धुराचा अलार्म आहे. एकदा नुसत्या फोडणीनं तो अख्ख्या इमारतीला उठवून बसला होता. म्हणून धूप-उदबत्तीची पूजा आम्ही अडगळीच्या खोलीत करतो. तिथे अलार्म नाही, खिडकीही नाही. दार घट्ट लावून घ्यायचं. मी ट्रायपॉडला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, तिन्ही पायांच्या मधोमध चंदनाचा धूप लावला आणि दार ओढून जेवायला बसलो. संध्याकाळी कुंकू ओल्या फडक्यानं इतकं स्वच्छ पुसलं की खूण राहिली नाही, आणि ट्रायपॉड खाली ब्रांडेसांकडे पोचवला. वास? आमची नाकं सरावलेली. वास असतो हेच डोक्यात आलं नाही.

त्या शनिवारी त्यांनी मला सोबत नेलं. हरणाला माणसाचा वास लांबूनच लागतो, म्हणून त्यांचे शिकारीचे कपडे नुसत्या पाण्यात धुतलेले, साबण नाही, दाढीनंतरचं काही नाही. गाडीत त्यांनी एकदम आपल्या जॅकेटची बाही हुंगली आणि पुटपुटले, "रेनाटे. परत तो कपड्यांचा सॉफ्टनर." पण वारा समोरून होता, म्हणजे वास हरणाकडे जाणार नव्हता. चालेल म्हणाले.

उजाडता उजाडता आम्ही कड्यापाशी पोचलो. ट्रायपॉड असा रोवला गेला की मला माझाच अभिमान वाटला. समोरच्या मोकळ्या जागेत हिर्श आला. खरंच, इतकं देखणं जनावर मी पाहिलं नव्हतं. ब्रांडेसांचा हात थरथरत नव्हता. आणि माझ्या मानेवर पाठीमागून गार झुळूक आली.

हिर्शनं डोकं वर केलं, नाक फेंदारलं आणि एका उडीत दिसेनासा झाला. त्याच झुळुकीत मलाही वास आला. त्या स्वच्छ रानात आमचा अख्खा दसरा दरवळत होता.

ब्रांडेसांनी बंदूक हळूच खाली घेतली. डोळे ओले झाले होते त्यांचे. "सॉफ्टनर," ते म्हणाले. "तुम्हालाही येतोय ना वास, हेर शिंदे?"

इथे खरं बोलायचं होतं. मी काय म्हणालो? "या, गेनाऊ." म्हणजे हो, अगदी बरोबर. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण शब्द तोंडातून गेला होता.

घरी जाऊन त्यांनी रेनाटेंना फैलावर घेतलं, वर साक्षीला माझं नाव. त्या म्हणाल्या, मी सॉफ्टनर घरात आणतच नाही. मग दोघांचा अबोला. सकाळी ते एकटे फिरायला, दुपारी त्या एकट्या. मी जिन्यातून चोरासारखा जात-येत होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज वाटायचं, उद्या.

एका संध्याकाळी रेनाटेच वर आल्या, हातात आलुबुखाराचा केक. मला म्हणाल्या, तुम्ही शास्त्रीय माणूस, तुम्हीच सांगा, काय वास होता तो? मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून मृणालनं दिवेलागणीची उदबत्ती लावली.

रेनाटे थांबल्या. हुंगलं. केक माझ्या हातात दिला, खाली गेल्या आणि ट्रायपॉड घेऊन वर आल्या. त्याचा फोम आधी स्वतःच्या नाकाला लावला, मग माझ्या. "आल्झो," म्हणजे अस्सं, एवढंच म्हणाल्या. मृणाल बाहेर येऊन निरागसपणे जर्मनमध्ये म्हणाली, "याची तर आम्ही पूजा केली होती."

ब्रांडेसही वर आले. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि या पूजेनं काय होतं?"

"शस्त्राला यश मिळतं," मी म्हणालो. याहून खाली मान जात असती तर घातली असती.

ते रेनाटेंकडे वळले, त्यांचा हात हातात घेतला आणि माफी मागितली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, हंगाम संपलेला नाही, शनिवारी परत चला. मला गहिवरून आलं. वाटलं, माणूस किती मोठ्या मनाचा आहे. मी घाईघाईनं म्हणालो, यावेळी बिनफोमचा, ताठ, चांगला ट्रायपॉड शोधून देतो.

"ट्रायपॉड मी बघतो," ते म्हणाले. "तुम्ही टेकडीच्या पलीकडे उभे राहा, वारा पाठीवर घेऊन. हरणं तुमच्या वासानं पळतील ती सरळ माझ्याकडे येतील."

म्हणजे तज्ज्ञ म्हणून गेलो होतो, आता रान उठवायला नेमणूक. मृणालनं तरी गप्प बसावं की नाही? तिनं विचारलं, चंदन पाठवू की मोगरा?

ब्रांडेसांनी जरा विचार केला. "यांचं जॅकेट कुठे टांगता तुम्ही?"

"त्याच अडगळीच्या खोलीत," ती म्हणाली.

"मग काही जाळू नका. तसेच या म्हणावं."