कुलपापुढची फुली

आता सांगून खरं वाटणार नाही, पण मी नगरपरिषदेत कारकून होते तेव्हा मनवेलपाड्यात घरोघरी नळ नव्हते, टँकर यायचे. जी चाळ जास्त आरडाओरडा करेल तिच्या दारात आधी. नवे साहेब आले आणि म्हणाले, हे बास झालं. आधी घरं मोजा, माणसं मोजा. मग कुणाला किती पाणी ते कागदावर ठरवू, आणि कागद चाळीच्या भिंतीवर लावू. मला ते इतकं पटलं की मोजणी मी मागून घेतली.

काय रुबाब होता माझा तेव्हा! छत्री, पॅडला लावलेले तक्ते, नवी कोरी चप्पल. भर अकराच्या उन्हात मी चाळी पालथ्या घातल्या. दार उघडं दिसलं की माणसं लिहायची, कुलूप दिसलं की फुली. तेव्हा लोक घरं घेऊन नुसती ठेवायचे, तसलीच असतील म्हटलं. शेवटच्या चाळीत जवळजवळ सगळ्या फुल्याच. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि त्या चाळीच्या आठवड्याच्या दोन टँकरपैकी एक बंद झाला.

पुढच्या आठवड्यात त्या चाळीतली एक बाई ऑफिसात आली. सहावा महिना असेल. हातातली रिकामी कळशी तिने माझ्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ओझं उचलू नको म्हणून बजावलं होतं, आणि आधी अधूनमधून जायची, तिथे आता तिला रोज विहिरीवर जावं लागत होतं. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

"ताई, तुम्ही आलात तेव्हा मी विहिरीवर होते," ती म्हणाली. "पुरुषमाणसं कामावर, आम्ही सगळ्या पाण्याला. कुलूप लावूनच जाणार ना?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना पाणी सगळ्यात जास्त हवं होतं, नेमक्या त्यांच्याच घरांवर मी फुल्या मारल्या होत्या. साहेबांना सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, पुन्हा मोजा म्हणाले. या वेळी मी दिवेलागणीनंतर गेले. एकेका फुलीतून पाच-पाच, सहा-सहा माणसं निघाली. दुसरा टँकर परत सुरू झाला.

नवा कागद मी स्वतः त्या चाळीच्या भिंतीवर डकवला. ती बाई आली, बोट फिरवत आपली ओळ शोधली आणि माणसांच्या आकड्यावर थांबली.

"याला धरलं का?" पोटावर हात ठेवून तिने विचारलं.

तक्त्यात तसा रकाना नव्हता. मी पेन काढलं आणि आकडा एकाने वाढवला.