हॉस्टेलची पातळ डाळ

आमच्या गावातून आठवीनंतर झाशीला शिकायला आलेल्या मुली दोनच. एक मी आणि दुसरी शेजारच्या तेलघाणीवाल्याची मुलगी. गाव मऊरानीपूरच्या पलीकडे. आम्हा दोघींना शिकवलं माझ्या वडिलांनी. ते तिथल्या शाळेत मास्तर होते. गणितात मी तिच्या पुढे होते. आज हे सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

झाशीच्या शाळेच्या हॉस्टेलात त्या वर्षी एकच जागा उरली होती. ती मला हवी होती. बाबांनी तेलघाणीवाल्याच्या मुलीचं नाव सुचवलं. तिचं झाशीत कोण आहे, म्हणाले, आपल्याला आत्याचं घर आहे. घर असताना मराठी माणसाची मुलगी हॉस्टेलात राहिली तर लोक काय म्हणतील, हेही होतंच.

आत्या मायाळू होती आणि सोवळ्याची कडक. दर महिन्याला चार दिवस मी मागच्या खोलीत बसायची. पाणी वरून, ताट लांबून सरकवलेलं. पुस्तक म्हणजे सरस्वती, त्याला हात लावायचा नाही. शाळेचा तर प्रश्नच नव्हता. एकदा बीजगणिताची परीक्षा त्यातच गेली. पाचव्या दिवशी वर्गात गेले तेव्हा ती म्हणाली, "कहाँ गायब हो जाती हो, मास्टरजी की बिटिया? लो, मेरी कॉपी से उतार लो." गणित मी तिच्या वहीतून उतरवून घेतलं.

हॉस्टेलात डाळ फार पातळ असे. वॉर्डनकडे तक्रार घेऊन जाणाऱ्या मुलींत ती पुढे. मग मेसची देखरेख तिच्याकडे आली, पुढे कॉलेजात निवडणूक. मी भिंतीकडे बघत बसले होते तेव्हा तिला चारचौघांत बोलायची सवय लागत होती.

आता ती मऊरानीपूरच्या नगरपालिकेची अध्यक्ष आहे, मी झाशीतच एका शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी आमच्या वार्षिकोत्सवाला तीच प्रमुख पाहुणी. भाषणात म्हणाली, मास्टरजींनी हात धरून आणलं नसतं तर मी तेलघाणीवरच बसले असते. टाळ्या पडल्या. मी बाजूला हार घेऊन उभी होते. वडील माझे, टाळ्या तिला. खोटं ती काहीच बोलली नव्हती, त्याचाच जास्त राग आला.

त्याच आठवड्यात गावाहून भाऊ आला. त्याच्या मुलीला अकरावीपासून माझ्याकडे ठेवायचं म्हणत होता. मी म्हटलं, हॉस्टेलात घाल.

"तुझं घर असताना? आणि तुझ्याकडे कुठे सोवळंओवळं आहे?"

"नाही. पण माझ्याकडे तिला डाळ घट्ट मिळेल. तिथे पातळ मिळू दे."

त्याला काही कळलं नाही. पोरगी हॉस्टेलात गेली. भाऊ अजून फोनवर नीट बोलत नाही.